संघ हरतोय म्हणून सरांना काढायचं का?

पत्र

ताई, नमस्कार. मी नाशिकमधल्या एका क्रीडा मंडळाचा सचिव आहे. आमचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ आहे. दोन वर्षांपासून आम्ही खेळाडूंना आणि कोचना महिन्याला मानधन देतो, म्हणजे आमच्यापुरता हा व्यावसायिक संघच. अध्यक्ष दिंडोरीकडचे मोठे द्राक्ष बागायतदार, निम्म्याहून जास्त पैसा त्यांचाच. गेल्या हंगामात आम्ही दोन स्पर्धांच्या अंतिम फेरीत होतो. यंदा ११ पैकी ९ सामने हरलो. सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा आमचा उंच गडी, रेल्वेत लागला आणि मुंबईला गेला. चेंडू पुढे नेऊन डाव रचणाऱ्या पॉइंट गार्डचा गुडघा गेला. अध्यक्ष म्हणतात, महिनाभरात कोच बदला. पुण्याचा एक तरुण कोच त्यांनी हेरूनही ठेवलाय. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सरांचा उद्धार चालतो, दोन सीनियर खेळाडूही आतून तेच म्हणतात.

माझी अडचण अशी की शाळेत असताना सरांनीच मला बॉल धरायला शिकवला. आजही मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही. मुलगा सकाळी शाळेआधी एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघतो, तो म्हणतो, "बाबा, तिकडे असते तर कोच कधीच गेले असते." भिडेपोटी मी संघाचं नुकसान करतोय का? त्यात सरांचं दोन महिन्यांचं मानधन थकलंय, त्यामुळे बोलायला तोंड नाही. गार्डच्या गुडघ्याला सूज असताना सरांनी क्रेप बँडेज बांधून त्याला खेळवलं, असंही कुणी कुणी म्हणतं. काय करावं?

— एक सचिव, नाशिक

उत्तर

सचिवसाहेब, नमस्कार.

आधी उत्तर देते, कारणं मागून. संघ हरतोय एवढ्यासाठी सरांना हंगामाच्या मध्यात काढू नका. मात्र पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही गुडघ्याबद्दल एक वाक्य टाकलंय. त्यासाठी कदाचित काढावं लागेल, आणि संघ सगळे सामने जिंकत असता तरी काढावं लागलं असतं. त्याकडे येतेच. त्याआधी तुमच्या चिरंजीवांशी थोडं बोलायचंय.

मुलगा म्हणतो ते खरं आहे, तिकडे कोचला टिकू देत नाहीत. पण त्याला म्हणावं, सामने बघतोसच तर सॅक्रामेंटो किंग्जचा इतिहासही बघ. हा संघ आपल्याला अगदीच परका नाही. मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. एनबीएचे भारतातले पहिले सामने ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, ते याच किंग्ज आणि इंडियाना पेसर्समध्ये. दोन्ही पेसर्सनी जिंकले, ते सोडा. २००६ मध्ये मुख्य कोच रिक अॅडलमन किंग्जमधून गेले. तिथून २०२५ पर्यंत मुख्य कोचच्या खुर्चीत, हंगामी धरून, १३ जण बसले. साधारण दीड वर्षाला एक. आणि याच काळात संघ सलग १६ हंगाम प्लेऑफला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांना, मुकला. एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही.

या तेरांमध्ये मायकेल मेलोन होते. २०१४ च्या डिसेंबरात संघाचा हुकमी सेंटर डीमार्कस कझिन्स मेनिंजायटिसनं आजारी पडला, सामने हातचे जायला लागले आणि मेलोनना घरी पाठवलं. (तुमचाही सेंटर गेलाय. नोंद घ्या.) त्याच मेलोननी २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. पुढे डेन्व्हरनंही त्यांना एप्रिल २०२५ मध्ये, साखळीचे तीन सामने उरलेले असताना, काढलं आणि जागेवर आणलं डेव्हिड अॅडलमनना. हे रिक अॅडलमन यांचे चिरंजीव. एनबीए म्हणजे गावच आहे हो, फक्त पैसा डॉलरमध्ये.

तेरांमध्ये माइक ब्राऊनही होते. २०२२-२३ मध्ये ४८ सामने जिंकून त्यांनीच तो १६ वर्षांचा दुष्काळ संपवला, वर्षातला सर्वोत्तम कोच म्हणून सगळीच्या सगळी मतं त्यांना पडली. डिसेंबर २०२४ मध्ये आकडा १३ विजय आणि १८ पराभवांवर आला आणि तेही गेले. त्यांच्यामागे संघ जरा बरा खेळला हे कबूल. पण हंगाम ४०-४२ वर संपला, प्लेऑफ हुकलंच आणि डीअॅरन फॉक्ससारखा गार्ड फेब्रुवारीतच सॅन अँटोनिओला गेला. ब्राऊनना जुलैत न्यूयॉर्क निक्सनं उचललं.

या सगळ्यात कोच वाईट होते म्हणावं तर तेच कोच दुसरीकडे जिंकतात. मग दुखणं कुठे? एक उदाहरण देते. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीत, किंग्जकडे दुसरा क्रमांक होता. पुढे लीगचा तारा ठरलेला लुका डॉन्चिच समोर असताना जनरल मॅनेजर व्लादे दिवाच यांनी मार्विन बॅगलीला घेतलं. आज बास्केटबॉल पाहणारं कुठलंही पोर त्यावर कपाळाला हात लावतं. तो निर्णय बेंचवर नाही, ऑफिसात झाला होता. आता तुमच्या मंडळाचं ऑफिस बघा. सेंटर रेल्वेच्या भरतीला बसलाय हे तुम्हाला निकाल लागेपर्यंत ठाऊक नव्हतं? आपल्याकडे चांगला खेळाडू रेल्वे, पोलिस, बँक नाहीतर सैन्यदलांच्या संघात जाणारच. त्याला नोकरी लागते, उद्या संसार चालतो. त्याच्या जागी दुसरा उंच पोरगा शोधायची जबाबदारी कुणाची होती? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही.

हे तुमच्या अध्यक्षांना पटवायचं असेल तर बास्केटबॉल बाजूला ठेवा आणि त्यांच्या भाषेत बोला. घड लागतात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, पण काडीत घड धरतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या दिवसांत. तेव्हा ढगाळ हवा राहिली, काडी नीट पिकली नाही, तर ऑक्टोबरात कात्री कुणाच्याही हातात द्या, वेल वांझ निघणार. त्या वेळी बागेतला गडी बदलतात का ते? त्यांना विचाराच.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ताईंनी कोचचं वकीलपत्र घेतलंय. काढून फायदा झाल्याची उदाहरणं आहेत, आणि ती थोर आहेत. गोल्डन स्टेट वॉरियर्सनं २०१४ मध्ये मार्क जॅक्सन यांना काढलं तेव्हा संघ ५१-३१ होता, म्हणजे चांगलाच. स्टीव्ह कर आले. खेळाडू बहुतांश तेच. करनी चेंडू एकाच्या हातात गोठण्याऐवजी फिरता ठेवला, इग्वोडालासारख्या नामांकित खेळाडूला बेंचवरून उतरायला राजी केलं. पुढच्याच हंगामात ६७-१५ आणि ४० वर्षांनी विजेतेपद. क्लीव्हलँडनं तर जानेवारी २०१६ मध्ये ३०-११ वर असताना डेव्हिड ब्लॅटना काढलं. लोकांनी वेड्यात काढलं. बेंचवरच बसलेल्या सहायक कोच टायरॉन लू यांच्याकडे सूत्रं दिली आणि जूनमध्ये अंतिम फेरीत त्या संघानं ७३ सामने जिंकलेल्या वॉरियर्सना १-३ अशा पिछाडीवरून हरवलं.

या दोन्ही ठिकाणी पराभव हे कारणच नव्हतं. जिंकणाऱ्या संघाचे कोच काढले. काय बिघडलंय आणि नवा माणूस नेमकं काय वेगळं करणार, हे काढणाऱ्यांना ठाऊक होतं. लू तर त्याच ड्रेसिंग रूममधले, कुणाचं कुणाशी पटत नाही ते त्यांना पाठ. याउलट मिलवॉकी बक्स. २०२१ चे विजेते कोच माइक बुडेनहोल्झर. २०२३ मध्ये ५८ सामने जिंकूनही पहिल्या फेरीत हरले म्हणून गेले. एड्रियन ग्रिफिन आले, तेही ३०-१३ वर असताना जानेवारी २०२४ मध्ये गेले. मग डॉक रिव्हर्स आले, उरलेल्या साखळीत १७-१९. संघ पुन्हा पहिल्याच फेरीत बाहेर.

आणि थांबून फायदा झाल्याचं उदाहरण हवं असेल तर मायामी हीट. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड, ख्रिस बॉश एकत्र आले आणि सुरुवात ९-८. टाइम-आउटला बेंचकडे येताना लेब्रॉनचा खांदा कोच एरिक स्पोल्स्ट्रांना लागला, तर तेवढ्यावर गदारोळ. वर संघाचे अध्यक्ष पॅट रायली बसलेले. त्यांनी २००५ मध्ये स्वतः सूत्रं घेऊन विजेतेपद आणून दाखवलं होतं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की आता पुन्हा खाली उतरतील. नाही उतरले. २०१२ आणि २०१३ ची विजेतेपदं स्पोल्स्ट्रांच्या हाताखाली आली. इतक्या लांब जायला नको असेल तर भारतीय महिला क्रिकेट संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक, आपले अमोल मुजुमदार बघा. २०२५ च्या महिला विश्वचषकात भारत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे सलग तीन सामने हरला. तेव्हा त्यांच्यावर काय काय टीका झाली ते आठवा. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत चषक हातात होता. त्या तीन पराभवांनंतर तुमचा व्हॉट्सअॅप ग्रुप निवड समितीवर असता तर?

अध्यक्षांच्या "महिनाभरात" या शब्दाबद्दल. बास टेर वील या अर्थशास्त्रज्ञांनी १९८६ ते २००४ या काळातल्या डच फुटबॉलचा अभ्यास केला. प्रशिक्षक बदललेले संघ आणि तितकीच पडझड होऊनही न बदललेले संघ त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. बदलल्यामुळे कामगिरी सुधारते असं काही हाती लागलं नाही. कारण साधं आहे, तळाला गेलेला संघ बहुतेक वेळा आपसूकच थोडा वर येतो. गार्ड बरा होईल, एखादा अटीतटीचा सामना तुमच्या बाजूनं झुकेल. नेमका तेव्हा पुण्याचा कोच आलेला असला की कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडेल आणि सत्कार कावळ्याचा होईल. शिवाय हा पुण्याचा माणूस आठवड्यातून कितीदा येणार, हे कुणी विचारलंय का? चाकणच्या कोंडीतून संध्याकाळी साडेपाचच्या सरावाला पोचून दाखवावं त्यांनी.

मग तुम्ही काय करायचं? आधी ११ सामन्यांच्या स्कोअरशीट मागवा. तालुक्यातल्या स्पर्धेतही त्या भरलेल्या असतात, कुणीतरी कपाटात टाकलेल्या असतात. क्वार्टरप्रमाणे गुण, फ्री थ्रो किती मिळाले आणि किती बसले, फाउल, टाइम-आउट केव्हा घेतले, सगळं त्यात असतं. नऊपैकी पाच सामने तीन-चार गुणांनी गेले असतील आणि त्यांत दहा-दहा फ्री थ्रो वाया गेले असतील, तर संघ दिसतो तितका वाईट नाही. पण प्रत्येक सामन्यात तिसऱ्या क्वार्टरमध्येच भगदाड पडत असेल, तर मध्यंतरात सर काय बोलतात ते ऐकायला हवं. दुसऱ्या सत्रात तीन टाइम-आउट मिळतात. समोरच्यांनी एका दमात दहा-बारा गुण मारले आणि सरांचे तिन्ही टाइम-आउट तसेच शिल्लक राहिले, असं तीन-चार सामन्यांत दिसलं, तर ते मात्र सरांच्या खात्यावर.

मग आठवडाभर सरावाला जा, आणि खुर्ची टाकून फोन बघत बसू नका. टाइम-आउट एक मिनिटाचा असतो, त्या मिनिटाकडे बघा. सरांनी बोर्डावर पेननं रेघा ओढायला घेतल्यावर किती डोकी आत झुकतात? सिमेंटच्या कोर्टवर धूळ असते, त्यामुळे पोरं उभ्या उभ्या तळहातानं बुटाचे तळ पुसत राहतात. त्याचं काही नाही, हात पुसतात पण कान तिकडे असतात. पण दोन सीनियर घोळक्याच्या बाहेर उभे राहून पाण्याची बाटली फिरवत एकमेकांकडे बघून हसत असतील, सर सांगतात झोन लावा, म्हणजे माणूस नाही, जागा राखा, आणि कोर्टवर गेल्यावर प्रत्येक जण आपापला माणूस धरत असेल, तर संघानं सरांचं ऐकणं सोडलंय. एवढी गोष्ट मात्र हंगामाच्या मध्यात सुधारता येत नाही. अशा वेळी कोच कितीही जाणकार असो, निरोप द्यावा लागतो. आणि त्या दोघा सीनियरांना समोर बसवून विचारा. आतून बोलणाऱ्याला बाहेर आणलं की निम्म्या तक्रारी विरघळतात. यंदा ते पहिल्या पाचांतून बाहेर गेलेत का, तेही स्कोअरशीटवरच कळेल, कोण पहिल्या पाचांत उतरलं ते तिथे लिहिलेलं असतं.

पैशांचं बोलू. एनबीएत कोचला काढतात म्हणजे रस्त्यावर आणतात असं नव्हे. डेट्रॉइट पिस्टन्सनं २०२३ मध्ये मॉन्टी विल्यम्सशी सहा वर्षांचा, ७ कोटी ८५ लाख डॉलरचा करार केला. संघ सलग २८ सामने हरला, हंगाम १४-६८ वर संपला आणि एका वर्षात त्यांना निरोप दिला, पण उरलेल्या वर्षांचे पैसे मालकाच्या माथी राहिलेच. पुढच्या वर्षी संघ ४४-३८ झाला, तेव्हा कोचबरोबर बास्केटबॉलचा कारभार बघणारा माणूसही बदललेला होता आणि अनुभवी खेळाडूही आणले होते, हे लोक विसरतात. तुमच्या सरांचं तर झालेल्या कामाचंच दोन महिन्यांचं येणं आहे. ते चुकतं केल्याशिवाय त्यांच्याशी कसलीच चर्चा करू नका, ठेवण्याची नाही आणि काढण्याचीही नाही. अमेरिकेसारखे निर्णय घ्यायचे आणि मानधन "बघू पुढच्या महिन्यात" म्हणायचं, हे जमायचं नाही.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते तुम्हाला चपखल लागू पडतं. सरांनी बॉल धरायला शिकवला म्हणून तुम्ही दोन वर्षांत त्यांना एकही अवघड प्रश्न विचारला नाहीत, असं मला पत्रावरून वाटतं. त्यांच्या घरी एकटे जा. अध्यक्ष नकोत, ग्रुपवर बातमी नको. आणि या वेळी समोरच्या खुर्चीवर बसा, कारण तुम्ही विद्यार्थी म्हणून गेलेले नसाल. "सर, सेंटर नाही, तर आता खेळ कसा बदलणार आहात?" एवढं विचारा. उत्तर तयार असेल, कमी उंचीची पण चपळ टीम खेळवू, वेगानं पळू, बॉक्स आउटवर, म्हणजे हुकलेला चेंडू मिळवायला समोरच्याला अंगानं अडवण्यावर, रोज वीस मिनिटं देऊ, असं काही ठोस असेल, तर हंगाम संपेपर्यंत त्यांच्या पाठीशी उभे राहा आणि अध्यक्षांनाही तसं ठणकावून सांगा. "पोरांत दम नाही" एवढंच ऐकू आलं, तर हंगाम संपल्यावर नवा माणूस शोधा. निरोप द्यायची वेळ आलीच तर तोही समोर बसून. किंग्जनी ब्राऊनना सराव उरकून विमानतळाकडे निघाल्यावर गाडीत फोन करून कळवलं, असं सांगत मेलोननी जाहीर संताप व्यक्त केला होता. मेलोनना तरी त्या संघाचा स्वानुभव आहे.

आता तो गुडघा. "कुणी कुणी म्हणतं" यावर मी कुणाला दोषी धरणार नाही, पण तुम्ही हे वाक्य नऊ पराभवांच्या, अध्यक्षांच्या आणि मानधनाच्याही खाली लिहिलंत याचा मला राग आलाय. सुजलेल्या गुडघ्यावर उड्या मारायला लावलेल्या मुलाच्या लिगामेंटचं किंवा कुर्चेचं कायमचं नुकसान होऊ शकतं. तो सामना कुणाला आठवणार नाही, गुडघा त्याला पन्नाशीपर्यंत आठवेल. तेव्हा चौकशी याच आठवड्यात करा. आधी त्या मुलाला भेटा, शक्यतो त्याच्या घरच्यांसमोर, म्हणजे तो मोकळं बोलेल. त्यानं दुखतंय हे सरांना सांगितलं होतं का? सांगून झाल्यावर सरांनी काय केलं? की त्यानंच नोकरीच्या चाचणीसाठी सर्टिफिकेट हवं म्हणून दुखणं लपवलं? असंही होतं, मी पाहिलंय. मग सरांची बाजू ऐका. सगळं माहीत असून खेळवलं असं निघालं, तर सर तुमचे गुरू आहेत हे आणि गेल्या वर्षीच्या दोन अंतिम फेऱ्या हे दोन्ही बाजूला ठेवून त्यांना त्याच दिवशी थांबवा. नाही निघालं, तर ग्रुपवर ज्यानं हे पसरवलं त्याला त्याच ग्रुपवर ते मागे घ्यायला लावा.

आणि दोन्हींपैकी काहीही निघो, मुलगा खेळत होता तो तुमच्या मंडळाची जर्सी घालून. हाडांच्या डॉक्टरला दाखवणं, एमआरआय, लागलीच तर शस्त्रक्रिया, पुढची फिजिओथेरपी, हा खर्च मंडळाचा. येत्या बैठकीत पहिला विषय तो घ्या, कोचचा दुसरा. अध्यक्षांनी पुण्याच्या कोचसाठी जी रक्कम बाजूला काढली असेल, तिच्यातूनच सुरुवात करता येईल.